अडुळसा, माका, निर्गुडी: ओळखण्यापासून बरणीत भरेपर्यंत

खोकल्याला अडुळसा, केसांना माका, गुडघ्याला निर्गुडी, इतकं बहुतेक मराठी घरांत ठाऊक असतं. अडतं ते त्याच्या पुढे. अडुळशाची पानं मिक्सरमधून काढली तरी रस निघत नाही. माक्याचं तेल महिनाभरात खवट होतं. हौसेने वाळवलेला पाला दिवाळीनंतर उघडून पाहावा तर त्याला जुन्या गवताचा वास. हा बिघाड बहुतेक वेळा चुलीवर भांडं चढवण्याआधीच झालेला असतो. झाड चुकतं, जागा चुकते, तोडायची वेळ चुकते किंवा वाळवण अर्धवट राहते. म्हणून या लेखात काढ्याच्या कृतीइतकीच जागा तोडण्याला आणि वाळवण्याला दिली आहे.

कोकण-गोव्यापासून देशावरच्या शेतबांधांपर्यंत सहज सापडणाऱ्या मोजक्याच वनस्पती इथे घेतल्या आहेत. त्यांच्यासाठी रानात शिरावं लागत नाही. अडुळसा कुंपणाला असतो, कारण गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. निर्गुडी ओढ्याकाठी, माका भातखाचराच्या बांधावर आणि पाणथळीत, गुळवेल कडुनिंबावर नाहीतर आंब्यावर चढलेली, आणि गवती चहा परसात. त्यांचा उपयोगही किरकोळ तक्रारींपुरता धरायचा: दोन-चार दिवसांचा खोकला, काम करून आखडलेली पाठ, कोरडे केस, पोट साफ न होणं. त्यापलीकडचं दुखणं डॉक्टरांकडे किंवा पदवीधर वैद्यांकडे न्यायचं.

ओळख पक्की होईपर्यंत हात लावू नका

पहिला गोंधळ नावांचा. ‘ब्राह्मी’ म्हणून एका गावात जमिनीलगत पसरणारी, बेडकाच्या पावलासारख्या गोलसर पानांची मंडूकपर्णी दाखवतात, तर दुसऱ्या गावात पाणथळ जागेतली, लहान मांसल पानांची नीरब्राह्मी. दोन्ही औषधी आहेत, पण एक नाहीत. ‘माका’ म्हणून बागेतली पिवळ्या फुलांची पसरी तोडून आणणारेही भेटतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. फोनवरच्या ॲपने सुचवलेलं नाव ही फक्त सुरुवात समजा. ॲपला पानाचा वास येत नाही आणि खोडाचा रस दिसत नाही.

खात्रीची पद्धत जुनीच आहे. एकच झाड हेरून ठेवा आणि वर्षभरात तीनदा पाहा: पालवीत, फुलात आणि फळात. एक फांदी वहीच्या कागदात दाबून वाळवा, शेजारी जागा, तारीख आणि गावातलं नाव लिहा. मग गावातल्या जाणत्या माणसाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. व्यापारासाठी किंवा मोठ्या प्रमाणावर औषध करायचं असेल, तर अशा ठिकाणाहून ओळख पक्की करून घ्यावीच.

आता प्रत्येकाच्या खुणा.

अडुळशाची पानं समोरासमोर, भाल्यासारखी, वीतभर लांब, चुरगाळली की उग्र वास. फूल पांढरं, खालच्या ओठावर जांभळट रेघा, जबडा उघडल्यासारखं. म्हणूनच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हटलं आहे.

माक्याची परीक्षा सगळ्यांत सोपी आणि पाहण्यासारखी आहे. खोड लालसर, खरखरीत लव असलेलं, पानं समोरासमोर आणि जवळजवळ देठ नसलेली, फूल शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं. खोडाचा एक तुकडा मोडून तळहातावर चांगला चोळा आणि थांबा. आधी हिरवा दिसणारा रस बघता बघता काळपट पडतो. रस काळा झाला नाही तर तो माका नव्हे, ते झाड तिथेच सोडा. एकदांडीशीही गल्लत होते. तिचं फूल लांब उंच देठावर एकटंच असतं, मधे पिवळं आणि कडेला दातेरी फिकट पाकळ्या.

निर्गुडीचं पान म्हणजे हाताच्या बोटांसारख्या तीन किंवा पाच पर्णिका, वरून हिरव्या, खालून राखाडी-पांढरट. वाऱ्यावर झुडूप हललं की तो फिकट रंग दुरूनही चमकतो. फुलं लहान, निळसर-जांभळी, तुऱ्यात.

गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं. खोड अंगठ्याच्या नखाने खरवडलं की वरची पातळ, कागदासारखी साल सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. आडवा छेद घेतला तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. हिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे. तिच्या खोडावर मोठ्या, उठावदार गाठीच गाठी असतात आणि तोडल्यावर दुधी स्राव येतो. ती घ्यायची नाही.

ज्यांना तोडायचं नाही ती झाडंही तितकीच पाठ हवीत. कळलावी पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. तिचा कंद रताळ्यासारखा वाटू शकतो, पण त्यातलं कोल्चिसिन जीव घेतं. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, दोन्ही कण्हेरी, धोत्रा आणि कुंपणाला लावलेली चंद्रज्योत यांपासून लांब राहा. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. मुलांना सोबत नेणार असाल तर औषधी झाडांआधी ही झाडं दाखवा.

कुठे तोडायचं, किती तोडायचं

माका गटाराच्या कडेलाही फार छान वाढतो. तिथला घेऊ नका. पाणथळीतली झाडं सांडपाण्यातले जड धातू शोषून घेतात, आणि ते धुऊन जात नाहीत. महामार्गाच्या कडेचा अडुळसा धुळीने आणि धुराने माखलेला असतो. रेल्वे रुळांच्या बाजूला तणनाशक फवारतात. फवारणी होणाऱ्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांचे आणि कापसाच्या शेताचे बांधही टाळा. स्वच्छ ओढा, जिरायती शेताचा बांध, देखभाल होणारं परस, या खऱ्या जागा. अडुळसा, निर्गुडी आणि गुळवेल तिन्ही छाटकलमाने लागतात, मग पावसाच्या तोंडावर घराजवळच का लावू नयेत? पुढच्या वर्षापासून शोधायला जावं लागत नाही.

बांध दुसऱ्याचा असेल तर विचारून तोडा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात काहीच तोडता येत नाही. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांना दिला आहे. तो त्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे, शहरातून सहलीला येऊन पिशव्या भरणाऱ्यांसाठी नाही. देवराईत पान तोडायचं नाही ही गावांची रीत आहे, तीही पाळा.

एका झुडपाची चौथाईपेक्षा जास्त पानं एका वेळी घेऊ नका. फांदी ओरबाडू नका, कात्रीने किंवा धारदार विळ्याने तिरका काप द्या. ओरबाडलेल्या जागी साल सोलली जाते, पावसाचं पाणी मुरतं आणि फांदी कुजते. गुळवेलीचा मधला भाग घ्या, बुंधा तसाच ठेवा. छाटलं तरी पुन्हा वाढणारी म्हणून तिचं नाव छिन्नरुहा, पण बुंध्याशी उपटली तर तीही संपते.

मुळं खणणं घरगुती वापरासाठी बंदच ठेवा. शतावरी, सफेद मुसळी यांची मुळं काढली की झाडच गेलं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाची गोष्ट घ्या: कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्पटोथेसिन त्यात सापडलं आणि डोंगरच्या डोंगर चोरट्या तोडीने मोकळे झाले. मूळ लागत असेल तर लागवडीचं विकत घ्या.

कधी तोडायचं

आपल्याकडे बहुतेक पाला पावसाळ्यात वाढतो आणि नेमका तेव्हाच वाळत नाही. श्रावणात कोकणातल्या दमट हवेत पसरलेली पानं तिसऱ्या दिवशी काळी पडतात आणि पाचव्या दिवशी बुरसतात. त्यामुळे पावसाळ्यात तोडलं तर ताजंच वापरा: माक्याचा रस, निर्गुडीचा शेक. साठवणीचा पाला भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंत, आश्विनाचं ऊन तापायला लागलं की तोडा. तेव्हा पानं पूर्ण वाढलेली असतात आणि हवा कोरडी. माकाही फुलावर असतो, ओळखायला सोपा.

दिवसातली वेळ सकाळची, साधारण नऊ ते अकरा. दव उडालेलं असतं आणि सुगंधी तेलं अजून उन्हाने उडालेली नसतात. पाऊस पडून गेल्यावर दोन कोरडे दिवस जाऊ द्या. सोबत कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाला घामतो आणि घरी पोचेपर्यंत गरम लागायला लागतो. एका पिशवीत एकच झाड. घरी येऊन निवडू म्हटलं की भेसळ झालीच.

वाळवण

नळाखाली झटपट धुवा, झटका, जुन्या सुती धोतरावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. मग सावलीत, वारा खेळत्या जागी, एकावर एक न येतील अशी पसरा. सुपात किंवा मोठ्या चाळणीत उत्तम, कारण खालूनही हवा लागते. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. सरळ उन्हात पान लवकर वाळतं खरं, पण पिवळं पडतं आणि वास जातो. दिवसातून दोनदा हलवा.

कोरड्या हवेत पानांना पाच ते सात दिवस लागतात. पातं चुरलं म्हणजे वाळलं असं समजू नका, मधली शीर पाहा. ती कडकन मोडली पाहिजे. वाकली तर अजून पाणी आहे. एक किलो ताज्या अडुळशाचा वाळून पाव किलोच्या आसपास पाला उरतो. एक किलोचा अर्धा किलो झाला म्हणून खूश होऊन डबा भरू नका, तो अर्धवट वाळलेला आहे.

गुळवेलीचं खोड आडवं चिरून एक-दीड सेंटिमीटरच्या चकत्या करा. लांब कांड्या बाहेरून वाळतात आणि आतून बुरसतात. चकतीच्या मधोमध काळा-हिरवा ठिपका दिसला तर सगळीच खेप टाका.

काचेची बरणी उन्हात तापवून, थंड करून भरा. चिठ्ठीवर झाडाचं नाव, जागा आणि महिना. आठ दिवसांनी बरणी उजेडात धरून आतली काच पाहा. बाष्प दिसलं तर पाला पुन्हा पसरा. ही एक तपासणी बहुतेक लोक विसरतात आणि तिथेच वर्षाची मेहनत जाते. पानं अख्खी ठेवा, लागतील तेव्हाच भरडा. अख्खा पाला वर्षभर टिकतो, चूर्ण दोन-तीन महिन्यांत फिकं होतं.

अडुळसा: रस आणि काढा

अडुळशाचं पान जाड, त्यात पाणी कमी. मिक्सरला लावलं की लगदा होतो आणि तो असलेला रसही धरून ठेवतो. पाणी घालून गाळलं तर हाती हिरवं पाणी येतं. यावर उपाय वाफेचा. पूर्ण वाढलेली १२ ते १५ पानं घ्या (काही घरांत पिवळी पडू लागलेली पिकली पानं मुद्दाम घेतात), मधली शीर काढा, केळीच्या पानात घट्ट गुंडाळा आणि मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. गरम असतानाच खलबत्त्यात ठेचून सुती कापडातून पिळा. चहाचे दोन-तीन चमचे दाट रस निघतो. कोमट झाला की एक चमचा रसात अर्धा चमचा मध घालून मोठ्या माणसाने दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस घ्यावा. रस त्याच दिवशी संपवायचा. फ्रीजमध्येसुद्धा तो दुसऱ्या दिवशी आंबूस होतो.

काढ्यासाठी वाळलेली पानं हाताने भरड चुरा. पाच ग्रॅम, म्हणजे सपाट दोन-तीन चमचे. त्यात ३०० मि.लि. पाणी, चिमूटभर सुंठ आणि हवा तर गुळाचा खडा. झाकण न ठेवता मंद आचेवर चौथा हिस्सा, म्हणजे ७५ मि.लि. होईपर्यंत आटवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर सात मिनिटांत आटवलेल्या काढ्यात पाणीच आटलेलं असतं, पाल्यातलं फारसं काही उतरत नाही. अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. स्टीलचं किंवा मातीचं भांडं वापरा, ॲल्युमिनियमचं नको. चवीसाठी ज्येष्ठमध घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, रोज घेतलेल्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. दाब असणाऱ्यांनी तो वगळावा.

गर्भवतीने अडुळसा घेऊ नये. त्यातल्या व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, आणि लहान मुलांना अडुळसाही वैद्यांना विचारल्याशिवाय नको. खोकला दोन आठवडे टिकला, कफात रक्त दिसलं, संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल तर काढा ठेवा बाजूला आणि सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी आणि उपचार तिथे मोफत आहेत. काढ्यावर दोन महिने घालवल्याने रोग वाढतो आणि घरातल्या इतरांनाही लागतो.

माक्याचं तेल

खोबरेल तेलात माक्याची पानं घालून उन्हात ठेवलेली बाटली घरोघरी दिसते. पानातलं पाणी तेलात राहतं आणि महिन्याभरात तेल खवट होतं. रस तेलात आटवून सिद्ध केलेलं तेल टिकतं. शास्त्रातलं प्रमाण तेलाच्या चौपट द्रवाचं आहे. घरच्या वापराला दुप्पट रस पुरतो.

साहित्य: ताजा माका अर्धा किलो (मुळं सोडून सगळा), पाणी २५० मि.लि., खोबरेल किंवा तिळाचं तेल २५० मि.लि., लोखंडी कढई. कढई मिश्रणाच्या तिप्पट मापाची हवी, कारण फेस फार येतो.

१. माका निवडून, चिखल पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवा. बारीक चिरून पाणी घालत वाटा आणि कापडातून पिळा. साधारण अर्धा लिटर रस मिळतो. चोथ्यातला मूठभर, ३० ग्रॅम, पुन्हा गंधासारखा बारीक वाटून ठेवा. हा कल्क.

२. थंड कढईत तेल, रस आणि कल्क एकत्र करा आणि मगच गॅस लावा. तापलेल्या तेलात रस ओतू नका, उडालेल्या तेलाने भाजतं.

३. उकळी फुटेपर्यंत मध्यम, नंतर अगदी मंद आच. दर पाच मिनिटांनी तळ खरवडून ढवळा. कल्क तळाला लागला की जळका वास तेलात उतरतो आणि तो काही केल्या जात नाही.

४. तासाभराने आवाज बदलतो. आधीचा खदखद आवाज जाऊन बारीक चुरचुर सुरू होते. इथून कढईपाशीच उभं राहायचं.

५. उलथन्याने थोडा कल्क काढा, निवू द्या आणि अंगठा-तर्जनीत वळा. चिखलासारखा चिकटला तर कच्चा. न चिकटता त्याची छान वात वळली तर तेल झालं. कोरडा होऊन चुरला तर पाक पुढे गेला, तेल करपायच्या बेतात आहे. वळलेली वात चिमट्याने ज्योतीवर धरा. चटचट आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, अजून पाच मिनिटं. शांत जळली तर लगेच गॅस बंद. शेवटी तेलावर बारीक पांढरट फेस येतो, तीही खूण आहे.

६. कोमट असताना दुहेरी कापडातून गाळा. तळातला गाळ पिळू नका. पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. ओला हात किंवा ओला चमचा लागला की पुन्हा खवटपणाची सुरुवात.

सगळं मिळून दीड ते दोन तास. तेल गडद हिरवं, उजेडात धरलं तर काळसर. सहा-आठ महिने सहज टिकतं. आठवड्यातून दोनदा, न्हाण्याच्या तासभर आधी मुळांशी चोळा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर वापरू नका. पांढरे झालेले केस या तेलाने काळे होत नाहीत, तशी आशा कोणी लावली तर ती खरी मानू नका. कोरडेपणा जातो, टाळूची खाज कमी होते, डोकं शांत वाटतं, आणि तेवढ्यासाठी ते करण्यासारखं आहे. चकत्या पडून केस जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

निर्गुडीचा शेक

दोन मुठी ताजी पानं तव्यावर चमचाभर तिळाच्या तेलात, दोन-तीन मिनिटं, मऊ पडेपर्यंत परता. सुती रुमालात बांधून पुरचुंडी करा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तिथे सोसली तरच दुखऱ्या जागी. दाबत, उचलत दहा-पंधरा मिनिटं, मधे थंड झाली की तव्यावर पुन्हा टेकवायची. तीच पुरचुंडी दिवसात दोनदा चालते, दुसऱ्या दिवशी नवी पानं.

आखडलेली मान, ओझं उचलून भरलेली पाठ, थंडीत दुखणारे जुने गुडघे यांना याने बरं वाटतं. सांधा अचानक लाल होऊन सुजला, गरम लागतोय, सोबत ताप आहे, तर शेकू नका. नुकत्याच मुरगळलेल्या पायालाही पहिले दोन दिवस शेक नको. मधुमेह्यांच्या बधिर पावलांना तर कधीच नको. चटका बसलेला त्यांना कळत नाही आणि जखम भरता भरत नाही. निर्गुडी पोटात घेण्याचं घरी ठरवू नका.

गुळवेलीविषयी सावधपणे

कोविडच्या काळात घरोघरी रोज गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगत क्रिस्पाशी होणारी गल्लत दाखवून दिली. वाद काहीही असो, घरापुरता निष्कर्ष सरळ आहे: ‘प्रतिकारशक्तीसाठी’ महिनोन्‌महिने रोज गुळवेल घेऊ नये. यकृताचा आजार, आमवातासारखा (रुमॅटॉइड संधिवात) स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारूनच. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली असं दिसलं तर तत्काळ बंद करून तपासणी.

गवती चहाला इतकी काळजी लागत नाही. जमिनीपासून तीन-चार बोटं वर कापा (पात्याची कड बोट कापते, दस्ताना घाला), दोन पाती आणि आल्याचा तुकडा कपभर उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गाळा. इथे झाकण हवंच, कारण त्याचा गुण वाफेबरोबर उडणाऱ्या तेलात आहे. हा फांट झाला, काढा नव्हे, आणि तो आटवायचा नसतो.

त्रिफळा: गोळा नका करू, निवडून घ्या

हिरडा, बेहडा, आवळा तिन्ही सह्याद्रीतले. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. त्यांच्याकडून थेट घेतलात तर पैसा योग्य हाती जातो आणि माल ताजा मिळतो. एक लक्षात ठेवा, बाजारात ‘बाळहिरडा’ म्हणून मिळतात ती कोवळी, काळी, बी न धरलेली फळं. त्रिफळ्याला पूर्ण वाढलेला हिरडा लागतो. चांगला हिरडा जड, भरीव, पाण्यात टाकला तर बुडतो. तरंगला तर किडलेला किंवा जुना.

बिया काढून तिन्हींची फक्त साल-गर समान वजनाने घ्या. बियांसकट वजन केलं तर प्रमाण बिघडतं, कारण तिन्हींच्या बियांचं वजन वेगळं आहे. वेगवेगळं कुटून, चाळून मग एकत्र करा. आवळा चिवट असतो, तो पुन्हा दोन तास उन्हात कडक करून कुटावा, नाहीतर चाळणीवर तोच राहतो आणि चूर्णात हिरडा जास्त होतो. एका वेळी दीड-दोनशे ग्रॅमच करा. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्याबरोबर, पोट साफ व्हायला लागलं की सोडा. मुरडा आला किंवा जुलाब झाले तर मात्रा निम्मी. गर्भवतीने घेऊ नये.

आणखी एक नियम सगळ्यांसाठी. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा अपस्माराची औषधं चालू असतील तर पोटात घ्यायचं कुठलंही झाड डॉक्टरांना सांगूनच सुरू करा, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळं थांबवा. दवाखान्यात जाताना काय घेत होता ते चिठ्ठीवर लिहून न्या, बरणीतला चिमूटभर पालाही सोबत ठेवा. विषबाधेचा संशय असेल तर तोंडात बोट घालून उलटी काढू नका, खाल्लेल्या झाडाची फांदी घेऊन थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना ती फांदी पाहून उपचार ठरवता येतो.